शिबिरातली संध्याकाळची शाळा
(वार्षिक सभेतील भाषण)



१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन जमातीची हजारो कुटुंबे तिआऊ नदी ओलांडून मिझोरामात आली. मिझो लोक त्यांचे भाऊबंद. त्यांनी आसरा दिला. त्याच वर्षी मिझोराम सरकारने २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचा आधार घेऊन या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश देण्यास सांगितले. या कायद्याने वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि जन्मदाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही.

झोखावथरच्या शिबिरात मी एका अकरा वर्षांच्या मुलीला विचारले, “कितवीत आहेस, बाळ?” ती म्हणाली, “पाचवीत बसते, पण दुसरीचं वाचते.” तिची आधीची शाळा बर्मी भाषेतली आणि मधली दोन वर्षे बुडालेली. तिकडूनच पळून आलेल्या एक बाई संध्याकाळी ताडपत्रीखाली तिला शिकवत होत्या, विनावेतन.

मी कपड्यांची गाठोडी नेली होती. बाई संकोचून म्हणाल्या, “कपडे पुष्कळ आहेत. खडू आणलेत का?”

माझ्याजवळ खडू नव्हते. म्हणून आज मागतो: या तिमाहीचे आपले दान वह्या, खडू आणि अशा शिक्षकांच्या मानधनासाठी द्या. घरी परतायला किती वर्षे लागतील कोण जाणे. मुलीचे वय मात्र थांबत नाही.