शिक्का आणि माणूस
(उचगाव, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाचा संक्षेप)



माणूस स्वतःला कोण समजतो, हे त्याच्याविषयी सांगितल्या गेलेल्या कहाणीवर पुष्कळसे अवलंबून असते. आणि ती कहाणी बहुधा दुसऱ्यानेच रचलेली असते. ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट व न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० नंतरच्या दशकात जी कथनोपचाराची पद्धती मांडली, तिचे सूत्र असे की, समस्या म्हणजे माणूस नव्हे. ती त्याच्यापासून वेगळी काढावयाची, कोठून आली हे शोधावयाचे, तिला न जुमानल्याचे प्रसंग आठवावयाचे आणि आपली कहाणी साक्षीदारांसमोर नव्याने सांगावयाची.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेल्या व पुढे मुंबई इलाख्यासही लागू झालेल्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. देशातील तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या नजरेत राहिला, आणि ज्यांच्यावर तो बसला त्यांच्या मनातही राहिला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी समाजाने चिकटविलेले नावच शीर्षक केले आणि दोष रक्ताचा की व्यवस्थेचा, हा प्रश्न समाजापुढे उभा केला. जी खाजगी लाज होती, ती सार्वजनिक फिर्याद झाली.

परंतु केवळ कहाणी बदलून भागत नाही. उचगावशेजारचे गांधीनगर पाहावे. फाळणीनंतर तेथे आलेली सिंधी कुटुंबे निर्वासित म्हणविली जात. आज व्यापारी हीच त्यांची ओळख आहे. त्यामागे त्यांचे कष्ट होते, तसाच पाय टेकण्यास मिळालेला आसराही होता. विमुक्तांतील बहुसंख्यांना नाव मिळाले, पण जमीन वा घर मिळाले नाही. उलट मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला.

म्हणून वस्तीवर जाणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम ऐकावे. ‘तुमच्यावर कोणता अन्याय झाला?’ एवढेच न विचारता ‘त्यातून तुम्ही कसे तरलात?’ हेही विचारावे. ‘गुन्हेगार’ पुसून ‘बिचारा’ लिहिणे म्हणजे दुसरा शिक्काच होय. आणि ऐकून झाल्यावर जातीच्या दाखल्याचा व घराच्या जागेचा अर्ज तेथेच बसून भरावा.