उंसाचें बेट आणि मराठी माणूस

१९७५ च्या जानेवारींत नागपुरास पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें. त्यास मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम आले होते. हिंदी महासागरांतील त्या चिमुकल्या बेटावर मराठी कुटुंबेंहि पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

१८३५ सालीं तेथील गुलामगिरी बंद झाली आणि उंसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यांत आले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील गरीब कुळें पुष्कळ होतीं. पुढें साखरेचा भाव उतरला, तेव्हां मळेवाल्यांनीं जमिनीचे तुकडे विकावयास काढले. मजुरांनीं पै-पै सांठवून ते घेतले.

परंतु एकट्या साखरेवर विसंबलेला देश एका वादळानेंहि नागवला जातो. म्हणून १९६८ सालीं स्वतंत्र झाल्यावर मॉरिशसनें निर्यातीसाठीं कापडाचे कारखाने काढले, पर्यटन वाढविलें. पोटाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. भाषेचा सुटला नाहीं. घरांत क्रिओल बोलली जाते, मराठी शाळेंत शिकावी लागते. तरीहि गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोंकणची जाखडी तेथें ‘झाकरी’ या नांवानें अद्याप नाचली जाते.