वाट न पाहणारी पालिका



एप्रिल 2020. मुंबईच्या धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला.
एकेका खोलीत आठ-दहा माणसं.
शौचालय सार्वजनिक.
अंतर राखायचं तरी कसं?

पालिकेने रुग्णांची वाट पाहिली नाही. ती त्यांच्या दारात गेली.

पालिकेच्या जी-उत्तर विभागाने खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं.
भर उन्हाळ्यात, अंगभर पीपीई किट चढवून, ते गल्लीबोळांतून ताप तपासत फिरले. केवढी ही हिंमत!

शाळा, मंगल कार्यालयं विलगीकरणासाठी उघडली. तिथे जेवणही मिळे.
शौचालयांचं वारंवार निर्जंतुकीकरण झालं.

पुन्हा सांगते, पालिका दारात गेली.

जुलैत एका दिवशी धारावीत फक्त एक नवा रुग्ण आढळला.
त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं उदाहरण जगाला दिलं.