निरोपाचे ॲप आणि शिफारशीचा शिक्का
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाला आहार, आरोग्य, बालसंगोपन असले विषय आपल्या सरावाचे आहेत. यंदा माझ्या वाट्याला आलेला विषय जरा रुक्ष आहे. सभासदांनी निरोपासाठी कोणते ॲप वापरावे याची शिफारस मंडळाने आपल्या नावाने करावी, असा ठराव मागे झाला आणि ते पाहून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तीन महिने मी ते केले. लेखी अहवाल चिटणीसबाईंकडे दिलेलाच आहे. तो वाचण्याचा ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी हे बोलणे.

ठराव का झाला हे पुष्कळजणींना ठाऊक आहे. आपल्या गृहोद्योग विभागाच्या सगळ्या ऑर्डरी एकाच ॲपवर, एकाच बाईंच्या फोनवर येत. गेल्या वर्षी त्या आजारी पडून लेकीकडे जाऊन राहिल्या, रिचार्ज राहून गेला आणि नंबर बंद पडला. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो, तसा तो गेला. नंबर गेला तसे खातेही गेले. भाजणीच्या ऑर्डरी, कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले, सगळे त्या खात्यात होते. कंपनीला लिहिले, छापील उत्तर आले. ऐन दिवाळीच्या तोंडावर आपल्या बायकांनी घरोघर फिरून हिशेब पुन्हा जुळवला. त्यांचे कौतुक मागच्या अहवालात आलेच आहे.

आता कंपनीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, आपला पत्ता कोणाच्या मालकीचा असावा?

टपालाचे उदाहरण घ्या. १८७४ साली बर्न येथे निरनिराळ्या देशांनी टपालाचा करार केला. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. तेव्हापासून इथे तिकीट लावलेले पत्र परदेशी पोहोचते आणि तिथल्या पोस्टमनने आपल्या पोस्टाचा शिक्का ओळखला पाहिजे एवढेच लागते. पत्र घेणाऱ्याने आपल्याच पोस्टाचे गिऱ्हाईक असावे अशी अट नाही. जवळचे उदाहरण हवे तर भाजीवाल्याच्या गाडीवरचा तो काळा-पांढरा चौकोन पाहा. २०१६ साली यूपीआय आले. त्याचे खाते एका बँकेत, तुमचे दुसऱ्या, ॲप तिसऱ्याच कोणाचे. तरी मेथीच्या जुडीचे पैसे जातात. कारण सगळ्यांनी एकच रीत मान्य केलेली आहे. निरोपाच्या ॲपांचे मात्र तसे नाही. एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवरच्या माणसाला निरोप जात नाही. जणू दादरच्या पोस्टातून फक्त दादरच्याच पेटीत पत्र टाकता यावे!

ही गोष्ट नवी नाही. पंचवीस वर्षांपूर्वीही एओएल, आयसीक्यू, याहू, एमएसएन अशी वेगवेगळी निरोप-घरे होती आणि एकाचे दार दुसऱ्यात उघडत नव्हते. त्याला कंटाळून अमेरिकेतील जेरेमी मिलर नावाच्या तरुणाने जॅबर नावाची एक खुली रीत तयार केली आणि जानेवारी १९९९ मध्ये ती जाहीर केली. खुली म्हणजे काय, तर निरोप कसा बांधावा, कसा पाठवावा, कसा पोचवावा याचे नियम सगळ्यांना वाचावयास मोकळे. ज्याला येईल त्याने त्याप्रमाणे आपला प्रोग्रॅम लिहावा, आपला सर्व्हर चालवावा. परवाना मागावयास नको. इंटरनेटचे नियम लिहिणारी जी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स आहे तिने हे नियम ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०११ साली सुधारून दिले. त्यांचे आजचे नाव एक्सएमपीपी. नाव अवघड आहे खरे. ते लक्षात ठेवण्याची मुळीच गरज नाही. पत्ता ईमेलसारखाच असतो, आधी माणसाचे नाव, मग घराचे. फोन नंबर त्यात यावाच लागत नाही.

आता गंमत पाहा. ती चार बलाढ्य घरे होती ना? एओएलचे २०१७ साली बंद झाले, याहूचे २०१८ साली, आयसीक्यू २०२४ साली, आणि एमएसएन तर त्याच्याही आधी गेले. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे बोलणी केली त्यांचे पत्तेही गेले. ती खुली रीत मात्र आजही चालू आहे, कारण ती बंद करण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नाही.

पण "खुले आहे" एवढ्याने डोळे मिटून घ्यावे असे नाही. शिक्क्याची गोष्ट इथेच येते.

आपण बायका शिक्के पारखण्यात कच्च्या नाही. पापडाच्या पाकिटावर अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक छापल्याशिवाय आपण माल बाहेर पाठवत नाही. सोन्याचे म्हणाल तर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी ओळखक्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. पण हॉलमार्क सांगतो काय? सोने किती शुद्ध, एवढेच. घडणावळ वाजवी लावली की नाही, फासा घट्ट आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते तुमचे तुम्ही पाहावयाचे.

एक्सएमपीपीच्या बाबतीत असे झाले की मूळ नियम थोडके, आणि पुढे त्यांना जोड म्हणून चारशेहून अधिक पुरवण्या निघाल्या. कोणी फोटो पाठवण्याची रीत काढली, कोणी गटाने बोलण्याची, कोणी जुने निरोप सर्व्हरवर जपून ठेवण्याची, कोणी एकच निरोप फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर दिसण्याची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यातल्या कोणत्या घ्याव्यात हे त्याच्यावर. परिणाम असा की दोन प्रोग्रॅम दोघेही "आम्ही नियमाने चालतो" म्हणत आणि एकाचा फोटो दुसऱ्यात उघडत नसे. एकाच कुळाची दोन घरे, पण एकीकडच्या पुरणात गूळ आणि दुसरीकडच्या पुरणात साखर, तसा प्रकार!

म्हणून या नियमांची देखभाल करणारी जी संस्था आहे, २००१ साली जॅबर सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणून निघालेली आणि २००७ पासून एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशन या नावाने चालणारी, तिने वेळोवेळी याद्या काढल्या. २०२३ सालची एक यादी मी पाहिली. तीत दोन पायऱ्या आहेत, प्राथमिक आणि प्रगत. आणि फोनवरच्या वापराला वेगळा विभाग आहे. एखाद्या प्रोग्रॅमने अमुक पायरी पूर्ण केली म्हणजे त्यात कोणकोणत्या सोयी असल्याच पाहिजेत हे तिथे लिहिलेले असते. माझ्यासारखीला याचा मोठा आधार झाला, कारण चारशे पुरवण्या वाचण्याऐवजी एक पान वाचून काम भागते.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही संस्था सराफाचा माल वितळवून पाहणारी तपासणी-शाळा नव्हे. प्रोग्रॅम करणाराच जाहीर करतो की मी ही पायरी पूर्ण केली. जाहीरपणे केलेले विधान असल्याने खोटे फार काळ टिकत नाही आणि सर्व्हर बाहेरून तपासून पाहण्याची साधनेही आहेत. पण तो सरकारी शिक्का नाही. शिवाय सर्व्हर चालवणारा माणूस भला आहे का, उद्या तो कंटाळला तर काय, हे कोणतीच यादी सांगत नाही. निरोप कुलूपबंद जाण्याची जी ओमेमो नावाची सोय आहे, ती पाठवणारीच्या आणि घेणारीच्या अशा दोन्ही प्रोग्रॅमांत असावी लागते. एकीने कुलूप लावले आणि दुसरीकडे किल्लीच नाही, तर उपयोग काय?

आणि मोठ्या नावावरही भिस्त ठेवू नये. गूगलने २००५ साली गूगल टॉक काढले ते याच खुल्या रीतीने, आणि २००६ च्या जानेवारीत दुसऱ्या सर्व्हरांसाठी आपले दार उघडले. पुष्कळांना वाटले, आता काम झाले! २०१३ साली त्यांनी हँगआउट्स नावाचे नवे ॲप आणले, त्यात ते दार ठेवले नाही. फेसबुकने २०१० साली बाहेरच्या प्रोग्रॅमांना आत येण्यापुरती खिडकी उघडली आणि पुढे तीही लावून घेतली. व्हॉट्सॲपचा सर्व्हर तर मुळात याच कुळातल्या प्रोग्रॅमवरून वाढवलेला. पण वाढवताना कुंपणही घातले गेले. युरोपात आता कायद्याने व्हॉट्सॲपला इतरांच्या निरोपांसाठी वाट करून द्यावी लागते. तो कायदा युरोपपुरता आहे, आपल्याकडे लागू नाही. तात्पर्य, आज खुले असलेले दार उद्या खुले राहील का, हेही शिफारस करणारीने पाहिले पाहिजे.

मॅट्रिक्स नावाची दुसरी एक खुली रीत २०१४ पासून आहे. फ्रान्सच्या सरकारने आपल्या नोकरवर्गासाठी २०१९ साली काढलेले चॅप नावाचे ॲप तिच्यावर चालते. ती चांगली आहे. पण आपल्या जुन्या फोनांवर मला ती जड वाटली, म्हणून पुढे गेले नाही.

आता मी काय वापरून पाहिले ते सांगते. अँड्रॉइड फोनवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर गाजिम. सहाजणींना हाताशी घेतले. त्यांत सर्वांत वडील पंचाहत्तरीच्या. निरोप, फोटो, बोलून पाठवलेले निरोप तीन्हींमध्ये गेले-आले. ऑर्डरींचा गट नीट चालला. क्विक्सी नावाचे कॉन्व्हर्सेशन्सचेच एक भावंड आहे, त्यात नोंदणी फोन नंबरने होते. वापरावयास ते सर्वांत सोपे. पण आपले दुखणे मुळात नंबराचेच असल्यामुळे मंडळाच्या कामासाठी मी ते बाजूला ठेवले.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात ॲपला मागच्या मागे झोपवतात. मग निरोप तासाने येतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्यावी लागते. दुसरे, संकेतशब्द विसरला तर नंबरवर परवलीचा आकडा मागवून आत जाता येत नाही. वहीत लिहून कपाटात ठेवावा हे उत्तम. तिसरी अडचण सर्वांत मोठी. एक भगिनी म्हणाल्या, "अहो ताई, माझी सून तिथे नाही, नातू तिथे नाही, मग मी तिथे जाऊन करू काय?" त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. नातवाचे फोटो जिथे येतात तिथे आजीने असावे. त्यात मंडळाने पडू नये.

म्हणून माझी शिफारस घरच्या बोलण्यासाठी नाही, मंडळाच्या कामकाजासाठी आहे. ऑर्डरी, वर्गणीच्या नोंदी, सभेच्या सूचना या गोष्टी मंडळाच्या स्वतःच्या पत्त्यावर याव्यात. त्यासाठी मंडळाने आपल्या नावाचे एक डोमेन विकत घ्यावे. हा खर्च दरवर्षीचा आहे, खजिनदारबाईंनी कपाळाला आठ्या घालू नयेत! सर्व्हर आज एकाकडे भाड्याने ठेवला आणि उद्या तो माणूस बरा निघाला नाही, तर आपण बिऱ्हाड दुसरीकडे हलवू; पत्ता तोच राहील. भाड्याचे घर बदलले तरी आपले नाव बदलत नाही, तसे. फोन कोणाच्याही हातात असो, ऑर्डरींचे खाते मंडळाचे. ज्या बाईंकडे काम असेल त्या बदलल्या की संकेतशब्द बदलावयाचा आणि किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर नव्या बाईंच्या स्वाधीन करावयाचा.

शिफारशीचा कागद कसा लिहावा यावर कार्यकारी मंडळात बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, नुसते "मंडळाची मान्यता" असे लिहावे. मला ते पसंत नव्हते. आपल्या वस्तीत मंडळाने चांगले म्हटलेल्या गोष्टीवर बायका विश्वास टाकतात. गहू कोणाकडून घ्यावा इथपासून. तेव्हा आपण काय तपासले आणि काय तपासले नाही, दोन्ही लिहिले पाहिजे. शेवटी ठरलेला मसुदा वाचून दाखवते:

"कॉन्व्हर्सेशन्स, मोनल व गाजिम हे तीन प्रोग्रॅम मंडळाच्या सहा सभासदांनी तीन महिने वापरून पाहिले. निरोप, फोटो, ध्वनी व गट या सोयी तिन्हींमध्ये परस्परांत चालल्या. ते खुल्या मानकांवर चालतात. सर्व्हर चालवणाऱ्यांची हमी मंडळ घेत नाही. प्रोग्रॅमांच्या आतील रचनेची तपासणी मंडळाने केलेली नाही. ही शिफारस एक वर्षापुरती असून पुढील वर्धापनदिनापूर्वी पुन्हा पाहिली जाईल."

मसुदा दारालगतच्या फळ्यावर लावला आहे. हरकती असतील त्यांनी येत्या संकष्टीच्या आत चिटणीसबाईंकडे लेखी द्याव्यात. शिकून घ्यावयाचे असेल त्यांनी मंगळवारी दुपारी ३ ते ५ या वेळात फोन आणि चार्जर घेऊन कार्यालयात यावे. त्या सहाजणींपैकी दोघी दर मंगळवारी तिथे बसतील.