शिरवळची थंडी आणि आईची गोधडी



मार्गशीर्ष-पौषात नीरेवरचे धुके पहाटे आपल्या शिरवळच्या पेठेपर्यंत येत असे. आमचे घर कापड दुकानदाराचे. तरीही आम्हा भावंडांत स्वेटर एकच, तो थोरल्याकडून धाकट्याकडे उतरत येई. ताग्यातील कापड विक्रीसाठी, घरासाठी नव्हे, हा वडिलांचा दंडक होता.

आई उन्हाळ्यातच तयारीला लागे. वर-खाली विरलेले नऊवारी लुगडे, मध्ये जुनी धोतरे, फाटक्या चादरी, आणि कडेकडेने आत येत जाणारा बारीक धावदोरा. थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, हे विज्ञान आम्ही पुढे शाळेत शिकलो. आईला ते आधीच ठाऊक होते.

१९७२ च्या दुष्काळातील हिवाळा मात्र विसरता येत नाही. खडी फोडायला जाणाऱ्या भगिनी दुकानात येऊन कापड नव्हे, चिंध्या मागत. वडील कटपिसांचे गाठोडेच त्यांच्यापुढे सोडत. पैशांचा विषय निघाला की, “गोधडी झाली म्हणजे दाखवायला आणा,” एवढेच म्हणत.

दोघी खरोखरच घेऊन आल्या. आमच्या दुकानातील एकेक छीट मला त्या गोधड्यांत ओळखता येत होते.