हाजी अलीची वाट



मुंबईला वरळीच्या समुद्रात हाजी अली पीराचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. मोठ्या भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. ओहोटीला पुन्हा मोकळी होते.

पण २०१२ साली माणसांनीच वाट अडवली. पीराच्या कबरीपाशी बायांना मनाई झाली. पुरुष आत, बाया बाहेर! दोन भगिनींनी कोर्टात अर्ज केला. पुरुषांइतकेच बायांनाही जाऊ द्यावे, असा निकाल मुंबई हायकोर्टाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी दिला. पुढे ट्रस्टनेही ते मानले. २९ नोव्हेंबरला बाया पुन्हा आत गेल्या.

आम्ही एवढेच सांगतो. भरती आपोआप ओसरते. माणसाने घातलेली बंदी ओसरत नाही. तिथे अर्ज लिहावा लागतो. म्हणून लेकी-सुनांनाही वर्गाला आणा.