नाखवा झालो, तांडेल व्हायचंय

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुमच्या होडीबद्दल बोला, पण पंधरा मिनिटांत आटपा." वार्षिक सभेत मी किती बोलतो हे त्यांना माहीत आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी फायबरची होडी घेतली. वीस फुटी, मागे लावायचं इंजिन असलेली. ती पनवेलला आपल्या पार्किंगमध्ये नाही, अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर असते, हे आधीच स्पष्ट करतो, कारण तशी एक अफवा बी विंगमध्ये होती. होडीलाही मेंटेनन्स असतो, लिकेज असतं आणि सिंकिंग फंड तर अगदी शब्दशः लागतो. नोंदणी, विमा, परवाना हे सगळं आधी पूर्ण केलं. महाराष्ट्रात समुद्रातल्या मासेमारीसाठी १९८१ चा कायदा आहे.

कोळीवाड्यात होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात आणि ती समुद्रात नेणाऱ्या प्रमुखाला तांडेल. कागदावर सही केली त्या दिवशी मी नाखवा झालो. तांडेल व्हायला किती वर्षं लागतात, ते आता कळायला लागलंय. मला शिकवणारे तांडेल सत्तरी ओलांडलेले आहेत. पहिले दोन महिने त्यांनी मला गळ हातात घेऊ दिला नाही. पाणी बघायला शिकवलं.

पाण्याची पहिली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. इथे आपल्या पिढीला शाळेत घोकलेली पाऊणकी कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. भरतीची वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. मोबाइलवर तक्ता मिळतोच, पण आमच्या तांडेलांचं कालनिर्णयावर भागतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ फार. गळाला शिसं बांधलं तरी दोरी तिरकी वाहून जाते, तळाला पोचतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा ओढ कमी असते आणि शिकणाऱ्याला तेच दिवस सोयीचे.

दुसरी गोष्ट वारा. भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. शिडाच्या होड्यांचा सगळा दिनक्रम त्यावर चालायचा: पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबरोबर घरी यायचं. आज इंजिन असलं तरी पहाटेच निघणं शहाणपणाचं, कारण दुपारनंतर वारा वाढतो. वारा एका बाजूने आणि पाण्याची ओढ समोरून असेल, तर लाट आखूड आणि उभी होते. वीस फुटी होडीला अशी लाट नको असते.

आता माशांकडे वळतो, कारण पुढच्या रांगेतल्या वहिनींचा चेहरा सांगतोय की मुद्द्यावर या. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पापलेट कधी आणताय?" तर पापलेट गळाला सहसा लागत नाही. ते जाळ्याचं काम. बोंबीलही नाही. भरती-ओहोटीच्या ओढीत उभ्या लावलेल्या डोल जाळ्यात तो मिळतो. गळवाल्यांचे मासे वेगळे. खडकाळ तळाजवळ तांबोशी, हेकरू. उघड्या पाण्यात सुरमई. सुरमईसाठी चकचकीत चमचा किंवा खोटा मासा चालत्या होडीमागे हळूहळू ओढत न्यायचा. तिचे दात कात्रीसारखे असतात, तंगूस सहज तुटतो, म्हणून गळाच्या वर वीतभर तार लावायची. आणि बऱ्याचदा गळाला येतो तो शिंगाळा. त्याच्या कल्ल्यांमागच्या आणि पाठीवरच्या काट्यांमध्ये विष असतं, त्यामुळे उघड्या हाताने धरायचा नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

मासा कुठे मिळेल, याचं आजचं उत्तर उपग्रह देतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे मिळण्याची शक्यता असलेले पट्टे कळवते. तांडेलांचं उत्तर वेगळं आहे. किनाऱ्यावरचं एक ताडाचं झाड आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत धरायची. दुसऱ्या बाजूला खांदेरीचं दीपगृह आणि आणखी एक खूण एका रेषेत धरायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे नांगर टाकायचा, खाली खडक असतो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला खांदेरी किल्ला आपण इतिहास म्हणून बघतो, कोळीबांधवांसाठी तो रोजच्या वाटेवरचा दगड आहे. माझ्याकडे जीपीएस आहे. मी दोन्ही वापरतो. बॅटरी संपते, खिंड संपत नाही.

मिळालेला मासा लगेच बर्फात गेला पाहिजे. जेवढा मासा तेवढा बर्फ. घरी चव लागते तिचं निम्मं श्रेय या बर्फाचं. लहान मासा परत सोडायचा. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, आणि त्याच वर्षी सरंग्याला, म्हणजे आपल्या पापलेटला, राज्यमाशाचा मान मिळाला. १ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा समुद्रही खवळलेला असतो आणि अनेक मासे अंडी घालतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच आमची होडी पाण्यात उतरते. आणि एक नियम कुठल्या कायद्यात शोधू नका: कोणाच्या जाळ्याच्या बोयांजवळ जायचं नाही. आपली ती हौस असते, त्यांचं ते घर चालतं.

आता ज्यासाठी मी बोलायला उभा राहिलो ते सांगतो. गेल्या फेब्रुवारीत आपल्याच सोसायटीतले दोघे माझ्याबरोबर आले. एकाने मुद्दाम रजा घेतली होती. तीनला पनवेलहून निघालो, पाचला थळला. बर्फ घेतला, आमिषाची कोळंबी घेतली. तांडेल वाळूत उभे राहून दहा मिनिटं नुसते पाण्याकडे बघत होते. रात्रभर उत्तरेचा वारा होता, किल्ल्याच्या खडकांवर पाणी फुटताना अंधारातही पांढरं दिसत होतं. हवामान खात्याचा इशारा नव्हता, बंदरात तीन नंबरचा बावटा नव्हता. ते वळले आणि म्हणाले, "नाखवा, आज नाय. दर्या कुठं पलत नाय, उद्या पण हितंच हाय."

आम्ही टपरीवर भुर्जी-पाव खाल्ला आणि परतलो. खरी गंमत पुढे आहे. अकरापर्यंत वारा पडला, समुद्र तव्यासारखा सपाट झाला. पाहुणे म्हणाले, "बघा, जाता आलं असतं." मी त्यावर बरेच दिवस विचार केला. वादळ आलं असतं तर आम्ही सगळ्यांनी तांडेलांचे पाय धरले असते. आलं नाही म्हणून तो निर्णय चुकीचा ठरत नाही. पहाटे पाचला जे दिसत होतं, त्यावर तो बरोबरच होता. किनाऱ्यावर थांबल्याची किंमत एक रजा आणि दहा किलो बर्फ. उलट बाजूची किंमत बोलायची गरज नाही. होडी माझी असली तरी त्या पहाटे माझा शब्द शेवटचा नव्हता, आणि तो तसा नसावा.

म्हणून आमच्या होडीवर काही गोष्टींवर चर्चा होत नाही. लाइफ जॅकेट अंगात असतं, सीटखाली नाही. तीस लिटर पेट्रोल असेल तर दहा जायला, दहा यायला, दहा शिल्लक. मोबाइलची रेंज जाते, म्हणून व्हीएचएफ रेडिओ, संकटाचा चॅनेल १६. आणि आमच्या सौ.ची अट: फ्रिजवर चिठ्ठी. कुठे चाललोय, कोण कोण आहे, किती वाजता परत. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही, तर ती तटरक्षक दलाच्या १५५४ नंबरवर फोन लावणार. आजवर लावावा लागलेला नाही.

ज्यांना यायचं असेल त्यांचं स्वागत आहे. नाव माझ्याकडे द्या, पोहता येत नसेल तरी चालेल. अट एकच: तांडेल नाही म्हणाले तर कुरकुर न करता भुर्जी-पाव खायचा. मासा मिळाला तर वाटून घेऊ, नाही मिळाला तर मासळी बाजार वाटेवरच आहे.

पंधरा मिनिटांच्या आत संपवलंय, सेक्रेटरींनी नोंद घ्यावी.